काकू, जरा एक फांदी द्या की

नर्सरीत गेलेला माणूस फूल बघून रोप घेतो, हे माझं ठाम मत आहे. खोड कोण बघत नाही, मुळं पिशवीतनं बाहेर आलीत का ते कोण बघत नाही, आणि आपल्या दारात ऊन किती येतंय हे तर नर्सरीत उभं राहून आठवतच नाही. हातभर रोपाला चार गुलाब उमललेत म्हटल्यावर विषय संपला, गाडीच्या पुढं ठेवायचं आणि चला घरी. ते रोप बऱ्याचदा आंध्रातल्या कडियमकडनं आलेलं असतंय, तिथं गोदावरीच्या पट्ट्यात नर्सऱ्यांची गावंच्या गावं आहेत आणि तिथनं देशभर ट्रक भरून रोपं जातात. हिरव्या जाळीखालची सावली, कोकोपीट, वेळेवर खत-पाणी अशा लाडात वाढलेलं ते लेकरू आपण आणून एप्रिलच्या तापलेल्या टेरेसवर ठेवायचं, आणि माना टाकल्या की म्हणायचं, माल बरोबर नव्हता.

त्यापेक्षा आधी गल्लीतनं एक चक्कर मारावी. कुणाच्या कंपाउंडवरनं काय बाहेर डोकावतंय ते बघावं, कारण तिथं जे माजलंय ते आपलंच पाणी पिऊन आणि आपलाच पाऊस खाऊन माजलंय. पण चक्कर आपल्याच गल्लीत मारायची हं. आमच्या कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या बंगल्यात मोगरा बघून यायचं आणि मंगळवार पेठेच्या बोळात लावायचा असं चालत नाही, मोगऱ्याला ५-६ तास कडक ऊन पाहिजे, नाहीतर नुसती पानं. माती पण बघा. पंचगंगेकडंला काळी, पाणी धरून बसणारी, कुंडीत तशीच भरली की पावसाळ्यात मुळं कुजलीच म्हणून समजा. पन्हाळ्याकडं वर गेलं की तांबडी, पाणी सोडणारी. निम्मी-निम्मी मिसळून वर जरा शेणखत घातलं की काम होतंय, आणि वरनं झाकायला उसाचं पाचट, ते आपल्याकडं काय कमी आहे व्हय.

आणि मग मागायचं. "काकू, जास्वंदीची एक फांदी द्या की." आजवर कुणी नाही म्हटलेलं मला माहीत नाही. "घे की रे, इचारतोस काय," म्हणत काकू आतनं कात्रीच घेऊन येतात, वर चहा, वर सूचना. लोक म्हणतात मनीप्लांट चोरूनच आणावा लागतो तरच लागू पडतोय, मला ते पटत नाही, चोरलं तर सूचना कोण देणार?

फांदी लावायचं शिक्षण उसाच्या जिल्ह्यात वेगळं द्यावं लागत नाही. दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे लावणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा, ज्यानं बघितलीय त्याला पेराजवळनंच मूळ फुटतंय हे ठाऊक असतंय. पेन्सिलीएवढी जाड फांदी, पेराच्या जरा खाली तिरपा काप, खालची पानं काढून टाकायची, वरची दोन-तीन ठेवायची आणि मोठी असली तर तीही अर्धी कापायची, कारण मुळं नसताना पानांनी पाणी उडवलं तर फांदी वाळणारच. म्हणूनच मृग-आर्द्राचे दिवस बरे, हवाच ओली असते. जास्वंद, तगर, रातराणी, मोगरा सगळे असे येतात. पांढऱ्या चाफ्याचं तेवढं उलटं, फांदी तोडून आठवडाभर सावलीत ठेवायची, चीक सुकू द्यायचा आणि मगच लावायची. ब्रह्मकमळाचं तर पानच खोचायचं, खरं म्हणजे ते पान नव्हेच, चपटं खोड आहे, आणि हे झाड मेक्सिकोकडच्या निवडुंगाच्या भावकीतलं, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. पण रात्री अकराला ते उमललं की अख्खी गल्ली हळद-कुंकू आणि मोबाईल घेऊन जमते, तिथं हे सांगायला जायचं धाडस माझ्यात नाही.

शेवंती मागून आणली तर जागा रस्त्याच्या खांबापासनं लांब बघायची. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की तिला कळ्या धरतात, आणि खांबावरचा दिवा रात्रभर अंगावर असला की तिला वाटतंय अजून दिवसच आहे. दसऱ्याच्या हारातला झेंडू वाळवून बी टाकायची पण हौस असते लोकांना, येतात रोपं, पण हार बहुतेक हायब्रीड झेंडूचा असतोय, त्यामुळं आई टपोरी आणि लेक कसलीतरी. येऊ देत, फुकट आहेत.

शिवाजी विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये सह्याद्रीतल्या सेरोपेजियाच्या दुर्मिळ वेली जपल्यात, कंदिलासारखी फुलं असतात. तिथं मात्र फांदी मागायची नाही, हात मागं बांधून बघायचं.

नर्सरीत मी सोनचाफ्यासाठी मात्र जातो. बियापासनं केलेला फुलायला ८-१० वर्षं खातो, कलमी वर्षा-दोन वर्षांत सुरू होतोय. तिथला पोरगा म्हणतो, "दादा, हे फुलं आलेलं न्या," आणि मी मुद्दाम फूल नसलेलं, कलमाचा जोड घट्ट असलेलं उचलतो, तो माझ्याकडं बघतच राहतो. यंदाचा आणलाय, पण अजून पिशवीतच आहे. आई म्हणते दारातच लावायचा, बाबा म्हणतात मुळ्या घराच्या पायात जातील, आणि बायकोचा प्रश्न असा की मग गाडी कुठं लावायची.