जांभळ्या झालेल्या वेलमध्ये पेशीच नव्हत्या

शेवग्याच्या पाल्याच्या इथेनॉल अर्काचे आकडे आमच्याकडे पडताळणीला आले, तेव्हा ते जरा जास्तच देखणे वाटले. बीव्ही-२ या उंदराच्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला दाह पेटवणारा पदार्थ) दिलं की आयनॉस हे एन्झाइम वाढतं, नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि माध्यमात नायट्राइट साठत जातं. अर्काची मात्रा मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेली, तर नायट्राइट एलपीएस न दिलेल्या पेशींइतकं खाली आलेलं. वर एमटीटी चाचणीत (किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजणारी) पेशी शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत! दाह पूर्ण थांबला आणि पेशींना ओरखडाही नाही, असं कच्च्या अर्काच्या बाबतीत सहसा होत नाही.

प्रयोग तसाच पुन्हा लावला. ९६-वेल प्लेट (वेल म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा), वेलमागे २०,००० पेशी, फिनॉल रेड हा रंग नसलेलं माध्यम, अर्क विरघळवायचं डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्का. अर्क एक तास आधी, मग मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम एलपीएस, पुढे २४ तास. फरक एवढाच, की एक रांग बिनपेशींची ठेवली : नुसतं माध्यम आणि अर्क.

सकाळी प्लेट आधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रंग मोजणाऱ्या रीडरकडे धावण्याआधी हे केलंच पाहिजे. २०० मायक्रोग्रॅमच्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मेलेल्या पेशींनाच रंगवणारा ट्रायपॅन ब्लू घातल्यावर बहुतेक निळ्या. तरीही एमटीटी घालून तीन तास ठेवल्यावर त्याच वेल गडद जांभळ्या झाल्या, आणि त्यांच्या जोडीला बिनपेशींची रांगसुद्धा.

कारण साधं आहे. जिवंत पेशींमधली एन्झाइमं एमटीटीला इलेक्ट्रॉन देऊन जांभळं फॉर्मझान बनवतात. शेवग्याच्या पानातले क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉइड (पॉलिफिनॉलचाच एक प्रकार) हेच काम पेशीशिवाय, थेट करतात. एमटीटी जर अर्क असलेल्या माध्यमातच ओतलं, तर रीडरला पेशी कोणती आणि पॉलिफिनॉल कोणतं हे कळणार कसं? शुद्ध क्वेर्सेटिनची बिनपेशींची वेलही तशीच रंगली. म्हणजे नायट्राइटच्या घसरणीतला मोठा वाटा पेशी मेल्याचा होता. मेलेली मायक्रोग्लिया नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही. त्याला संरक्षण म्हणता येत नाही.

उपाय म्हणून अर्काचं माध्यम काढून टाकायचं, पीबीएस या क्षारद्रावणाने दोनदा धुवायचं आणि ताज्या माध्यमात एमटीटी द्यायचं. पण बीव्ही-२ पेशी पुरत्या चिकटून बसत नाहीत. आधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी (गुरुत्वाच्या ३०० पट) बलाने पाच मिनिटं फिरवून पेशी तळाला बसवल्या नाहीत, तर धुताना जिवंत पेशीही निघून जातात आणि मग उलटी चूक होते, चांगला अर्कही विषारी दिसतो. म्हणून जोडीला ट्रायपॅन ब्लूची मोजणी ठेवावीच.

नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस चाचणीतही अशीच एक फट आहे. ५० मायक्रोलिटर माध्यम, तेवढंच सल्फॅनिलमाइड (५ टक्के फॉस्फोरिक आम्लात १ टक्का), अंधारात दहा मिनिटं, मग ५० मायक्रोलिटर एनईडी (रंग आणणारं दुसरं रसायन) आणि ५४० नॅनोमीटरला वाचन. त्या आम्लात अर्कातले फिनॉल नायट्राइटला पकडू शकतात आणि रंग कमी येतो. तपासायला सोपं आहे : अर्क असलेल्या बिनपेशींच्या माध्यमात २० मायक्रोमोलर सोडियम नायट्राइट घालायचं आणि तेवढंच परत मिळतं का बघायचं. २५ मायक्रोग्रॅमला पूर्ण मिळालं, २०० ला नाही.

पाल्याच्या अर्कात मुळातच जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) असू शकतं, त्यामुळे 'फक्त अर्क' या वेलमधलं नायट्राइटही बघायचं. तिथे ते वाढलं तर एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घालून पुन्हा बघावं, एंडोटॉक्सिनमुळे असेल तर उतरतं. इथे वाढलं नव्हतं, तेवढी एक भानगड वाचली.

अहवालात २५ मायक्रोग्रॅमचा परिणाम ठेवला : नायट्राइट थोडं कमी, पेशी शाबूत, आयनॉसचा पट्टा वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचं प्रमाण दाखवणारी चाचणी) फिका. मूळ आलेखापुढे अगदीच मामुली. त्यावरून न्यूरॉन वाचतात असंही म्हणता येत नाही. त्यासाठी या मायक्रोग्लियाचं माध्यम न्यूरॉनवर घालून बघावं लागेल, आणि त्यात अर्कही सोबत जातो. १०० आणि २०० मायक्रोग्रॅमचे बिंदू आलेखातून काढायला सांगितले. पाठवणाऱ्यांना ते आवडलं नाही.