एकच चार्जर, एका फोनला मंद, दुसऱ्याला जलद

ऑक्टोबरातल्या भर दुपारी किसननगरचे एक रिक्षावाले काका ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आले. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, चांगली बॅटरी टाकून द्या. दुसरीकडे दाखवला होता, ते म्हणाले बॅटरी संपली." भाडी ॲपवरून मिळतात, फोन बंद पडला की धंदा बंद, म्हणून खर्च करायची त्यांची तयारी होती.

बॅटरी फुगलेली नव्हती, टक्केही धाडकन उतरत नव्हते. मी चार्जर मागितला. फोनसोबत आलेला ३३ वॅटचा गावी राहिला होता, म्हणून काकांनी ठाणे स्टेशनजवळून ६५ वॅटचा घेतला होता.

"वॅट दुप्पट, तरी तीन-तीन तास लागतात. मग बॅटरीच गेली ना?"

हे मी फार वेळा ऐकते आणि ऐकून वाईट वाटतं, कारण अशा हिशेबापायी धडधाकट बॅटऱ्या काढल्या जातात. मी केबलच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. फोन २२ टक्क्यांवर होता, म्हणजे वेग चांगला मिळायला हवा. मीटरवर दिसलं ५ व्होल्ट, १.८ अँपिअर. जेमतेम ९ वॅट!

"डुप्लिकेट दिला मेल्याने," काका संतापले.

तो संशय मलाही सहज पटला असता, पण खातरजमा केल्याशिवाय कुणाचा माल खोटा म्हणायचा नाही. चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि नोंदणीचा आर-नंबर होता. तो माझ्या लॅपटॉपला लावला, तर मीटर २० व्होल्टवर गेला आणि ५५ वॅटच्या वर दाखवू लागला. चार्जर अस्सल होता.

चार्जर फोनमध्ये वीज ढकलत नाही. तो फक्त सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. ही बोलणी बहुतेक नवे चार्जर पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, या पद्धतीने करतात. काकांचा फोन मात्र ओप्पो-रियलमीच्या घराण्यातला. ओप्पोने २०१४ मध्ये वूक ही स्वतःची पद्धत आणली, आणि त्या फोनचा पूर्ण वेग त्याच पद्धतीच्या ॲडॉप्टरवर आणि जुळणाऱ्या केबलवर मिळतो. बोलणी फिसकटली की फोन साध्या ५ व्होल्टवर येतो. ६५ हा आकडा चार्जरची कमाल मर्यादा सांगतो, फोनला मिळणारा वेग नव्हे.

दुकानात त्या पद्धतीचा ३३ वॅटचा ॲडॉप्टर होता. मध्ये मीटर असला की कधी कधी ही बोलणी होत नाही, म्हणून फोन सरळ जोडला आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत सोळा टक्के चढले. काका स्क्रीनकडे बघतच राहिले.

तेवढ्यात मुलीने आपला सॅमसंग ए५२ पुढे केला. "ताई, मग हा ६५ वॅटचा माझ्याही फोनला चालणार नाही?" तिच्या खोक्यात १५ वॅटचा ॲडॉप्टर आला होता, फोन मात्र २५ वॅट घेऊ शकतो. सॅमसंगला त्यासाठी पीडीतलं पीपीएस लागतं, ज्यात व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलतं. काकांच्या चार्जरवर बारीक अक्षरात पीपीएसची ओळ होती. जोडताच स्क्रीनवर 'सुपर फास्ट चार्जिंग' आलं आणि मीटर २२ वॅटपर्यंत गेला. जो चार्जर बापाच्या फोनला रखडवत होता, तोच मुलीच्या फोनला कंपनीच्या ॲडॉप्टरपेक्षा जलद ठरला.

बाहेरचा चार्जर जलद की कंपनीचा, असं लोक विचारतात तेव्हा म्हणूनच मी आधी फोन बघते. आयफोन ११ सोबत ५ वॅटचा ॲडॉप्टर यायचा, त्याला १८ वॅटचा पीडी चार्जर लावला की फरक लगेच दिसायचा. ॲपलने २०२० मध्ये आणि सॅमसंगने २०२१ मध्ये महागड्या फोनच्या खोक्यातून ॲडॉप्टर काढले. तेव्हापासून ही निवड गिऱ्हाइकावर आली आहे. कोणती पद्धत लागते ते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

काकांना आणखी एक विचारलं: रिक्षात फोन कुठे असतो? काचेपाशी, उन्हात, नकाशा चालू. तापलेला फोन स्वतःच वीज कमी घेतो, मग ॲडॉप्टर कितीही चांगला असो. ऐंशी टक्क्यांनंतरही वेग उतरतो, तो बिघाड नव्हे. फोन सावलीत लावा म्हटलं.

बॅटरी बदलली नाही. ६५ वॅटचा मुलीने घेतला, काकांनी ३३ चा ॲडॉप्टर आणि केबल. निघताना म्हणाले, स्टँडवर आणखी दोघांची हीच रड आहे, पाठवतो.

"पाठवा," मी म्हटलं, "पण नुसता फोन नको, चार्जर आणि केबलही आणायला सांगा."