सरांच्या टाचण्या, सरांचा नादकाटा

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मजकूर मागणारं पत्र आलं. गॅदरिंग, गणपती, पटांगण यांवर बाकीचे लिहितीलच. इंदूरकर मंडळी त्यात कमी पडणारी नाहीत. मी लिहितोय वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेबद्दल, म्हणजे खरं तर विज्ञानाच्या सरांबद्दल. कोणते सर, ते आपल्यांना सांगायला नको.

सरांचा आग्रह एकच असे: लाट कोणती ते आधी सांगा, मग पदार्थाबद्दल बोला. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर उतरतो. आवाजाचा ३४३ मीटरवरून १४८० वर चढतो. त्यामुळे पाण्याचा तोच पृष्ठभाग प्रकाशकिरणाला स्तंभिकेकडे (पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेकडे) वळवतो आणि आवाजाला तिच्यापासून दूर. आवाज १३ अंशांपेक्षा थोडा जास्त तिरका आला, तर पाण्यात शिरतच नाही.

‘स्थायू दाट असतो म्हणून त्यात आवाज वेगाने जातो’ या उत्तराला सरांकडे शून्य. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी त्यातला वेग १४५०, म्हणजे पाण्याहून किंचित कमीच. शिसं पोलादापेक्षा जड, पण पोलादात ५९०० आणि शिशात २१६०. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका, आणि त्यात आवाज १३०० च्या आसपास पळतो. पदार्थ दाबाला किती ताठ उभा राहतो त्याला घनतेने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. घनता भाजकात आहे, एवढं ज्याला कळलं त्याचं अर्धं प्रकरण झालं.

काचेच्या चिपेतून जाणारा किरण टाचण्या रोवून आखायचा प्रयोग तर सगळ्याच शाळांत होतो. आपल्याकडे तो बरोबर येई, याचं कारण टाचण्या. दोन टाचण्यांत किमान ८ सेंटीमीटर अंतर हवं. २ सेंटीमीटरवर रोवल्या आणि एक अर्धा मिलिमीटर सरकली, तर कोन जवळजवळ दीड अंश चुकतो. ८ सेंटीमीटरवर तीच चूक एक तृतीयांश अंशावर येते. बघायचं ते टाचण्यांच्या पायाकडे, डोक्याकडे नाही, कारण टाचणी कधीच अगदी सरळ उभी राहत नाही. ६ सेंटीमीटर रुंदीच्या चिपेवर ४५ अंशांनी किरण टाकला की तो २ सेंटीमीटर बाजूला सरकून बाहेर पडायला हवा. दीड आला, तर मधेच कुणाच्या तरी कोपराने चीप हलली.

ग्लिसरीनमध्ये काचेची नळी नाहीशी करण्याचा खेळ ते दरवर्षी दाखवत. त्यासाठी बोरोसिलिकेटची परीक्षानळीच हवी. तिचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती पट मंदावतो तो आकडा) १.४७ आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. दोघांत प्रकाशाचा वेग बदलत नाही, म्हणून कडा दिसत नाही. साध्या सोडा काचेचा १.५२ असल्याने तिची कड राहतेच. ग्लिसरीन मात्र हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा अपवर्तनांक उतरतो आणि उघड्या बाटलीतल्या जुन्या ग्लिसरीनमध्ये नळीचं भूत दिसत राहतं. बाटलीचं बूच सर स्वतः तपासत.

अनुनाद नळीच्या तासाला नळीतल्या हवेची लांबी बदलत न्यायची; सूर जुळला की आवाज एकदम वाढतो, तोच अनुनाद. नादकाटा, म्हणजे एकच सूर देणारा धातूचा दुबेळका काटा, रबरी गादीवरच आपटायचा. टेबलाच्या कडेवर आपटला की वरचे सूर मिसळतात आणि कान फसतो. ५१२ हर्ट्झचा काटा, ३ सेंटीमीटर व्यासाची नळी, एप्रिलचे ३५ अंश: पहिला अनुनाद १६.३ सेंटीमीटरवर, दुसरा ५०.७ वर. दोन्हींतल्या फरकाला दुप्पट वारंवारतेने गुणलं की ३५२ मीटर येतात. एकट्या पहिल्या लांबीची चौपट करून काढलात तर ३३४, कारण हवेचा स्तंभ नळीच्या तोंडाशी संपत नाही, व्यासाच्या ०.३ पट बाहेर डोकावतो. जानेवारीत १५ अंशांना दुसरा अनुनाद पावणेदोन सेंटीमीटर आधीच येई. वहीत तापमान लिहिलं नसेल तर सर आकडा बघतसुद्धा नसत.

एकदा तपासणीला साहेब आले होते आणि टेबलावर बेल जार, म्हणजे पंपाने हवा काढायची काचेची हंडी, आत वाजती घंटा ठेवून मांडला होता. पंप सुरू, हवा निघाली, घंटा मंदावली. पण बंद होईना. साहेबांनी भुवया उंचावल्या. सरांनी शांतपणे जार उचलला आणि घंटेची दांडी तळाच्या पत्र्याला टेकलेली दाखवली: आवाज हवेतून नव्हे, लोखंडातून बाहेर येत होता. मग घंटा पातळ रबराला टांगली, तारा बारीक घेतल्या, पुन्हा पंप चालवला. आवाज फारच उतरला. त्यावर सरांनी साहेबांसमोरच सांगितलं की याने निर्वात पोकळीचं काहीच सिद्ध झालं नाही. आत अजून भरपूर हवा आहे. इतक्या विरळ हवेला घंटा आपली ऊर्जा देऊच शकत नाही, म्हणून ऐकू येत नाही. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कधी कळलं नाही. वर्गाला मात्र हवेतून पाण्यात आवाजाच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग का शिरतो, हेही त्या दिवशी समजलं: तिथेही दोन माध्यमांचा मेळच बसत नाही.

आणि तो फुगा! सियागंजच्या बाजारातून आणलेला ३० ग्रॅम खायचा सोडा, २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, बाटलीत थोडं पाणी, तोंडावर फुगा. साधारण २२ सेंटीमीटरचा झाला की बांधायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये आवाज सुमारे २७० मीटरनेच चालतो, म्हणून हा फुगा आवाजाचं बहिर्वक्र भिंग होतो. एका बाजूला टिकटिकणारं गजराचं घड्याळ ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला कान पुढेमागे करायचा. एका जागी टिकटिक ठळक होते. जाड, खर्जातला आवाज वापरला तर काही होत नाही, कारण लाटच फुग्याहून लांब असते. तोंडाने फुगवलेलाही चालत नाही, श्वासात हा वायू जेमतेम ४ टक्के. आणि तासाभरात उरकायचं, रबरातून तो भराभर झिरपतो.

आज पीथमपूरच्या कारखान्यात ध्वनिलहरी सोडून ओतीव भागांतले दोष तपासताना हेच सगळं पुढ्यात असतं. पोलादात ४५ अंशांचा आडवा तरंग (कण बाजूला हलवत जाणारा) हवा असेल, तर परस्पेक्सच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, पाचरीत ध्वनी सुमारे ३७ अंशांनी सोडावा लागतो. हिशोब टाचण्यांचाच, फक्त वेग परस्पेक्समधला २७३० आणि पोलादातल्या आडव्या तरंगाचा ३२३०. प्रोबखाली (ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या डबीखाली) तेलाचा थर नसला तर पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि भरड कणांच्या बिडावर ४ मेगाहर्ट्झचा प्रोब लावला तर पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे कणांवरून विखुरलेल्या प्रतिध्वनींची दाटी, दिसतं. तिथे १ किंवा २ घ्यावा. नव्या मुलांना यातलं प्रत्येक कारण सांगावं लागतं.

मधे शाळेत जाणं झालं. वर्गावर्गांत मोठे पडदे आलेत. पडद्यावरच्या बेल जारमधली घंटा दर वेळी बिनचूक गप्प होते. कुणी विचारतच नाही की दांडी कशाला टेकली आहे. कपाट बंद आहे, पण आतलं सामान शाबूत दिसलं. महोत्सवाच्या निधीतून पंपाचं तेल आणि जारखालची रबरी चकती बदलावी, नादकाट्यांचा गंज कोरड्या फडक्याने पुसावा (कानस लावू नये, वारंवारता बदलते), ग्लिसरीन नवं आणावं. खर्च फार नाही. लागेल तो मी देतो.