सीझन म्हणजे एकच प्रश्न

आमच्या कॉमेडी वेब सिरीजचा दुसरा सीझन लिहायला बसलोय आणि मी परत परत 'द गिल्ड'कडेच जातोय. २००७ साली फेलिशिया डेनं स्वतः लिहून यूट्यूबवर आणलेली अमेरिकन सिरीज, मुळात टीव्हीच्या पायलटसाठी, म्हणजे नमुना एपिसोडसाठी लिहिलेली, मग तिचे छोटे छोटे एपिसोड केले, पहिल्या सीझनचे पैसे संपले तेव्हा प्रेक्षकांनी ऑनलाइन देणग्या दिल्या, आणि ती सहा सीझन चालली!

मला त्यातलं सीझनचं गणित फार आवडतं. पहिल्यात एका ऑनलाइन गेमच्या एकाच गिल्डमधली, म्हणजे टीममधली, सहा माणसं प्रत्यक्ष भेटतात. तिसऱ्यात समोर दुसरी गिल्ड उभी राहते, पाचव्यात सगळे कन्व्हेन्शनला जातात, सहाव्यात कोडेक्सला, म्हणजे मुख्य पात्राला, गेमच्या कंपनीतच नोकरी लागते. माणसं तीच, फक्त दरवेळी त्यांना नव्या अडचणीत टाकलंय.

आम्ही पहिल्या वेळी उलटं केलं, आधी गमतीजमती लिहिल्या आणि गोष्ट नंतर जोडू म्हटलं, मग चौथ्या एपिसोडला कुणाला काय हवंय हेच कळेना. आता आधी शेवटचा सीन लिहितोय. आणि लोकेशन दोनच, एक फ्लॅट आणि त्याची गच्ची, कारण सगळ्यांच्या नोकऱ्या सांभाळून शूट फक्त शनिवार-रविवारी होतं. एखादा नट मध्येच दुसऱ्या शहरात गेला तर? म्हणून प्रत्येकाची गोष्ट अशी लिहितोय की ती फोनवरूनही पुढे सरकेल.

आज रात्री तिसरा एपिसोड.