लेबलावरचे पाच मिलिग्रॅम

द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर माझ्या मेलिटिनच्या द्रावणाचे शोषण ०.५५ यायला हवे होते आणि ०.४२ येत होते. द्रावण ठेवायची क्युव्हेट धुऊन पाहिली, पाण्याचे ब्लँक, म्हणजे नुसत्या पाण्याचे मोजमाप, पुन्हा घेतले, मायक्रोपिपेट वजनकाट्यावर तपासून घेतली. आकडा हलला नाही. तोपर्यंत त्याच द्रावणावर माझे तीन आठवड्यांचे प्रयोग होऊन गेले होते, त्यामुळे ही तफावत कोणाला सांगायची की आधी आपणच शोधायची, या विचारात मी एक अख्खी दुपार घालवली.

पुण्यातील एका प्रयोगशाळेत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याकडे मेलिटिन आले. मधमाशीच्या विषातील हे मुख्य पेप्टाइड. वाळवलेल्या विषाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग त्याचाच असतो. २६ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पटलाला भोके पाडते, मग ती पेशी जिवाणूची असो वा रक्तातील तांबडी पेशी. आम्ही स्वतः रचलेले एक पेप्टाइड जिवाणूंना मारते पण तांबड्या पेशींना फारसे फोडत नाही, हे दाखवायचे होते आणि त्यासाठी तुलनेला मेलिटिन हवे होते. ते संश्लेषित करून, फ्रीज-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून वाळवलेल्या, भुकटीच्या रूपात मागवले होते. व्हायलच्या, म्हणजे छोट्या कुपीच्या, लेबलावर पाच मिलिग्रॅम असे लिहिले होते.

व्हायल उघडण्याआधीची शिस्त मला वरिष्ठ विद्यार्थ्यांनी शिकवली होती आणि ती मी पाळली. दिवस जुलैचे होते. उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेली व्हायल पुण्याच्या पावसाळी हवेत लगेच उघडली, तर आतल्या थंड भुकटीवर दव धरते, आणि अशी भुकटी ओलावा शोषायला टपलेलीच असते. म्हणून ती बंद असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात, पाऊण तास ठेवली. मग सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवली, कारण पिंजलेल्या कापसासारखी ती भुकटी इतकी हलकी असते की निम्मी झाकणालाच चिकटून बसते. हातमोजे आणि मास्क घातला. आमच्यातील एकाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी होती, त्याला त्या दिवशी त्या खोलीत येऊच दिले नाही.

कशात विरघळवायचे, याचे उत्तर साखळीतच असते. आम्लधर्मी पेप्टाइडला अमोनियम बायकार्बोनेटचे सौम्य द्रावण लागते, पाण्याला अजिबात दाद न देणाऱ्याला डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक लागते, आणि साखळीत सिस्टीन किंवा मेथिओनिन असेल तर डीएमएसओ टाळलेले बरे, कारण त्यात त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ शकते. मेलिटिन धन प्रभाराचे असल्याने ते निर्जंतुक शुद्ध पाण्यात सहज उतरते. बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण, थेट घालायचा मोह मी टाळला तो योग्यच होता, कारण क्षार जास्त असले आणि द्रावण तीव्र असले की मेलिटिनचे चार-चार रेणू एकत्र येतात. नळी जोरात हलवणाऱ्या व्होर्टेक्सवर मात्र मी ते ठेवलेच. मेलिटिनच्या साखळीची एक बाजू पाण्याला धरून असते आणि दुसरी पाण्याला टाळते, त्यामुळे ते साबणासारखे वागते. नळीत एवढा फेस झाला की तो बसायला अर्धा तास लागला. आता मी व्हायल बोटांत धरून नुसती फिरवते.

आकडेमोड सोपी वाटली होती. रेणूभार २८४६, पाच मिलिग्रॅमला भागले की १.७६ मायक्रोमोल, म्हणून १.७६ मिलिलिटर पाणी घातले की एक मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे एक मिलिमोल असलेले, मूळ द्रावण किंवा स्टॉक तयार. त्याचे ५० मायक्रोलिटरचे ३५ छोटे वाटे, म्हणजे अलिकोट, करून उणे ८० अंशांत ठेवले, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवण्या-गोठवण्याचा प्रश्न उरला नाही. मेलिटिनमध्ये अतिनील प्रकाश शोषणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल एकच असते, एकोणिसाव्या जागी. २८० नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचा शोषण गुणांक ५५०० धरला, तर दहापट पातळ केलेल्या, म्हणजे १०० मायक्रोमोलर द्रावणाचे शोषण ०.५५ यायला हवे. हे मोजमाप पहिल्याच दिवशी घ्यायचे असते. मी ते तीन आठवड्यांनी घेतले.

अखेर माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी वही पाहिली आणि विचारले, "लेबलावरचे पाच मिलिग्रॅम कशाचे आहेत, ते पाहिलेस का?" मी व्हायलबरोबर आलेले प्रमाणपत्र दाखवले आणि शुद्धता ९७ टक्के असल्याचे सांगितले. त्यांनी बोट खालच्या ओळीवर ठेवले. तिथे पेप्टाइडचे निव्वळ प्रमाण ७६ टक्के असे छापलेले होते.

हे दोन आकडे मी तोवर एकच समजत होते. शुद्धता एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, ठरते; भुकटीतील जेवढे पेप्टाइड आहे त्यातले किती योग्य साखळीचे आहे, एवढेच ती सांगते, आणि पाणी व क्षार तिच्या हिशोबात येतच नाहीत. पेप्टाइड शुद्ध करताना ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल वापरतात आणि ते प्रत्येक धन प्रभाराला चिकटून राहते. मेलिटिनवर असे सहा प्रभार आहेत: तीन लायसिन, दोन आर्जिनिन आणि साखळीच्या आरंभीचा मोकळा अमिनो गट. प्रत्येकी ११४ भाराचे सहा रेणू म्हणजे ६८४. एकूण वजनाचे १९ टक्के आम्लातच गेले. उरलेली तूट ओलाव्याची. पाचातले खरे पेप्टाइड ३.८ मिलिग्रॅम, आणि माझा एक मिलिमोलर स्टॉक प्रत्यक्षात ०.७६ मिलिमोलर. ०.५५ ला ०.७६ ने गुणले की ०.४२ येते. उपकरण पहिल्यापासून खरे बोलत होते.

जिवाणूंवरच्या निकालात फार फरक पडला नाही, कारण तिथे दर टप्प्याला द्रावण निम्मे होते आणि एवढी चूक त्या पायऱ्यांत झाकली जाते. तांबड्या पेशी फुटण्याचा आलेख मात्र सबंधच डावीकडे सरकला. सगळ्या आकड्यांना ०.७६ ने गुणून तो दुरुस्त करता आला. तरी कमी तीव्रतेकडचे बिंदू जागेवर बसेनात. ती चूक वेगळी होती आणि गुणाकाराने सुटणारी नव्हती. ती द्रावणे मी पॉलिस्टायरीनच्या साध्या प्लेटमध्ये रात्रभर ठेवली होती, आणि धन प्रभाराची अशी पेप्टाइडे त्या पृष्ठभागाला चिकटतात. द्रावण जितके पातळ, तितका चिकटून गेलेला वाटा मोठा. ते प्रयोग सरळ रद्द केले. आता पातळ करण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापरते आणि ०.०१ टक्के ॲसिटिक आम्लात ०.२ टक्के बोवाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातील एक प्रथिन, घातलेले द्रावण घेते. तेही ताजेच करते.

उरलेल्या अलिकोटांवर मी मार्करने ०.७६ असे लिहून ठेवले आहे. गेल्या आठवड्यात दुसरी व्हायल आली. लेबलावर पुन्हा पाच मिलिग्रॅम आहे, प्रमाणपत्रावर निव्वळ प्रमाण ७८ टक्के आहे, म्हणजे हिच्यात १.३७ मिलिलिटर पाणी जाईल. ती अजून उघडलेली नाही. डेसिकेटरमधील सिलिका जेल ओलावा भरून गुलाबी पडले आहे, ते आधी ओव्हनमध्ये वाळवायचे आहे.