तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकला सोडून सिनेमाकडे कशा वळलात?

पणजीत एखाद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले किंवा माझ्या लघुपटाचा खेळ संपवून बाहेर आले, की हा प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही मूळच्या चित्रकार, मग चित्रकला सोडून सिनेमाकडे कशा वळलात?" विचारणारे आपुलकीनेच विचारतात. त्यांच्यापैकी ज्यांची मुले आल्तिन्होवरच्या कला महाविद्यालयात शिकत आहेत किंवा शिकू पाहत आहेत, ते जरा थांबून दुसराही प्रश्न विचारतात, की यावर घर चालते का. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने दोन्ही प्रश्नांना न्याय मिळत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी चित्रकला सोडलेली नाही. जे चित्रात येईना, ते पकडण्यासाठी मी कॅमेरा हातात घेतला, आणि ते नेमके काय होते हे सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

आमचे गाव कुंभारजुव्याच्या खाडीकाठी आहे. खाडीच्या पातळीहून खालची ही खाजन जमीन बांध घालून राखलेली असते आणि बांधात जागोजागी मानशी असतात. मानस म्हणजे जांभ्या दगडाच्या खांबांमध्ये बसवलेली लाकडी दारे. ती नदीच्या बाजूलाच उघडतील अशी लावलेली असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारांवर पडून ती आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. सुकती लागली की आतले पाणी त्यांना ढकलून वाट काढते. माणसाला हात लावावा लागत नाही. या पाण्याबरोबर येणारे मासे पकडण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि खाऱ्या मातीतही तग धरणारे कोरगुट भात याच व्यवस्थेच्या आधाराने पिकत आले आहे.

या दारांची चित्रे मी विद्यार्थिदशेपासून काढत होते. कोळशाने काढली, जलरंगात काढली, मिटलेली काढली, उघडीही काढली. मला हवे होते ते मात्र त्या दोहोंच्या मधले होते. सुकती सुरू झाल्यावर दार एकदम उघडत नाही. आधी दोन फळ्यांच्या सांध्यात पाण्याची बारीक रेघ दिसते, मग खालच्या कडेचे शेवाळ विंचरल्यासारखे एका दिशेने वळते, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने फळी बोटभर सरकते. आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आलेले असते तेव्हा दार मिटलेलेही नसते आणि उघडलेलेही नसते. हा क्षण कागदावर काढला की पाहणाऱ्याला केवळ एक दार दिसते, कारण त्या क्षणाचा अर्थ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळात असतो. मी बांधावर तिकाटणे रोवून, कॅमेरा न हलवता, भरतीच्या माथ्यापासून सुकतीच्या तळापर्यंतचे सहा-एक तास चित्रित केले. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे हवा तो उजेड आणि हवे ते पाणी एकत्र येण्यासाठी पंचांगातील तिथी पाहून वाट बघावी लागते. ते चित्रण हे माझे पहिले चलत्-चित्र, म्हणजे व्हिडिओच्या रूपातली कलाकृती, आणि आजही मला ते रेखाटनच वाटते.

चित्रकाराने सिनेमा करणे ही नवलाई आहे असे समजणाऱ्यांना मी आपल्याच इतिहासाची आठवण करून देते. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण आणि शिळाछपाई त्यांच्या हाताखालून गेली आणि त्यानंतर 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला, आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके रंगवली आणि 1925 साली 'सावकारी पाश' काढला. 1936 सालच्या 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी फत्तेलाल हेही हाडाचे चित्रकार. मराठी सिनेमाची पहिली नजर चित्रकाराची होती, हे मी अभिमानाने सांगते.

पुढे सिनेमा हा स्वतंत्र धंदा झाला आणि वाटा फुटल्या, तरी चित्रकार अधूनमधून कॅमेऱ्याकडे येतच राहिले. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेसाठी मकबूल फिदा हुसेन यांनी 1967 साली राजस्थानात केलेल्या लघुपटाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळाला. तय्यब मेहता यांनी 1970 साली 'कूडल' हा लघुपट केला. मला सर्वांत जवळचे वाटतात ते अकबर पदमसी. नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशातून त्यांनी 1969 साली मुंबईत एक कार्यशाळा उभारली, जिथे चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले एकत्र काम करू शकत. तरुण नलिनी मलानी यांनी आपले आरंभीचे चित्रपट तिथेच केले आणि आज जगभरच्या संग्रहालयांत त्यांच्या चलत्-चित्रांना जागा आहे. शिष्यवृत्तीचा पैसा एकट्यापुरता न ठेवता इतरांसाठी जागा उघडणे, हे मला पदमसींच्या कोणत्याही कॅनव्हासइतकेच मोलाचे वाटते.

आता गोव्याविषयी. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, आणि 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो. मांडवीकाठच्या एकाच परिसरात आयनॉक्सची चित्रपटगृहे, मॅकिनेज पॅलेस आणि जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आहे. नोव्हेंबरात लोक तिथे सिनेमासाठी रांगा लावतात आणि डिसेंबरात त्याच जुन्या इमारतीच्या खोल्यांत भिंतींवर चलत्-चित्रे पाहतात. दोन्हीकडचा प्रेक्षक बहुतेक तोच असतो, तरी पाहण्याची रीत निराळी होते, आणि माझ्या कामातली खरी कसोटी इथे लागते.

चित्रपटगृहात प्रेक्षक अंधारात बसतो आणि मी ठरवलेल्या क्रमाने, ठरवलेल्या वेळात पाहतो. कलादालनात तो कधीही येतो, मध्येच येतो, उभा राहतो, शेजारच्या खोलीतला आवाज त्याच्या कानावर पडत असतो आणि मनात आले की तो निघून जातो. तिथे सुरुवात आणि शेवट यांवर भिस्त ठेवून चालत नाही. प्रत्येक क्षण स्वतःच्या बळावर उभा राहावा लागतो. म्हणून मानशीचे काम मी दोन प्रकारे केले. दालनात ते पूर्ण लांबीचे, दाराच्या खऱ्या आकाराएवढे, जमिनीला टेकवून दाखवले जाते आणि पुन्हा पुन्हा फिरते. चित्रपटगृहासाठी वेगळे, आटोपशीर संकलन आहे आणि त्यात पाण्याच्या आवाजावर अधिक मेहनत आहे. आमच्या कुंभारजुव्यात चवथीच्या सातव्या दिवशी सांगोड निघतो. होड्या जोडून त्यांवर गणपती आणि सोंगे खाडीतून जातात, बघणारा काठावर जागच्या जागी उभा असतो आणि देखावा त्याच्यासमोरून सरकत जातो. दालनातल्या पडद्याची मांडणी करताना मला शाळेत शिकलेल्या कशाहीपेक्षा सांगोडच अधिक उपयोगी पडला आहे.

घर चालते का? चालते, पण एका उत्पन्नावर नाही. चित्र एकदा विकले जाते, आणि दालनामार्फत विकले तर किमतीचा साधारण निम्मा भाग दालनाकडे जातो. चलत्-चित्राच्या ठरावीक प्रती काढतात, बहुधा तीन किंवा पाच, आणि एखाद-दुसरी प्रत कलाकाराकडे राहते. विकत घेणाऱ्याला हार्ड डिस्क, सहीचे प्रमाणपत्र आणि ते कसे दाखवायचे याच्या लेखी सूचना मिळतात. प्रतींचा आकडा एकदा जाहीर केला की तो पाळायचाच, कारण सगळा विश्वास त्या आकड्यावर उभा असतो. गोव्यात चित्र घेणारे पुष्कळ भेटतात, चलत्-चित्र घेणारे फार थोडे. म्हणून अनुदानांना महत्त्व येते. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाकारांच्या प्रकल्पांना साहाय्य देते, एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत राज्याची चित्रपट अर्थसाहाय्य योजना राबवली गेली आहे, आणि महोत्सव काही वेळा स्वतःच नवे काम करून घेतात. अर्ज लिहिणे हे या व्यवसायातले रोजचे काम आहे आणि ते नीट शिकावे लागते. त्याखेरीज मी इतरांचे माहितीपट संकलित करते, मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे करते आणि शिकवते. ही कामे मी कमी प्रतीची मानत नाही. दुसऱ्याच्या चित्रणातून दुसऱ्याचे म्हणणे शोधून काढताना माझे डोळे तयार झाले.

पालकांनी आणखी एका खर्चाची जाणीव ठेवावी, जो कुणी सांगत नाही. चित्रफितीला सांभाळावे लागते. पदमसींनी केलेल्या दोन चित्रपटांपैकी एकाची एकुलती प्रत पुढे हरवली, आणि 2016 साली चित्रपट दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी त्यांच्याच सोबतीने ते काम नव्याने उभे करण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते तशी फितीलाही लागते, आणि बुरशी नाही लागली तरी ती वाजवणारे यंत्र बाजारातून नाहीसे होते. मी प्रत्येक कामाच्या निदान तीन प्रती ठेवते, त्यांतली एक गोव्याबाहेर, आणि काही वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर उतरवून घेते. गोव्यात कलाकारांच्या चलत्-चित्रांसाठी एक सार्वजनिक संग्रह, थंड आणि कोरड्या खोलीसह, व्हायला हवा अशी माझी मनापासून मागणी आहे. इतके महोत्सव ज्या शहरात होतात तिथे दाखवलेले राखण्याचीही सोय असलीच पाहिजे.

सध्या मी पुन्हा कागदावर आहे. बऱ्याच ठिकाणी बांधांच्या दुरुस्तीत काँक्रीट येत आहे आणि लाकडी मानस बांधू शकणारे सुतार कमी होत आहेत. फळी फळीत कशी अडकवली आहे, खांबाच्या खाचेत चौकट कशी बसते, पाणी झिरपू नये म्हणून सांधा कुठे तासला आहे, हे कॅमेऱ्यात नीट दिसत नाही; बाहेरची बाजू दिसते आणि आतली जोडणी झाकलेली राहते. रेखाटनात मी दार उकलून दाखवू शकते. एका वयस्क सुताराच्या शेजारी बसून मोजमापांसह ही चित्रे काढणे चालू आहे. ती पुरी झाली की चलत्-चित्रासोबत एकाच खोलीत लावण्याचा विचार आहे, आणि पहिले प्रदर्शन पणजीआधी कुंभारजुव्यात करायचे ठरवले आहे.