कोळंबीच्या सालावरचे शेजारी

रविवारी सकाळी आई मोरीपाशी पाटावर बसून कोळंबी सोलत होती. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. सालींचा ढीग परातीत वाढत होता आणि समोर बसून मी लॅपटॉपवर त्याच सालींवर राहणाऱ्या जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांचा अख्खा डीएनए, उघडून बसले होते.

आमचं घर वेसाव्याचं, मासळीतच वाढलेले आम्ही. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण व्हिब्रियोंची ओढ लागली ती घरामुळेच. खाऱ्या पाण्यातले हे जिवाणू कोळंबीच्या सालीतल्या कायटिनवर, म्हणजे साल ज्याची बनते त्या चिवट पदार्थावर, पोसतात.

त्यातली दोन भावंडं तुलनेला घेतली होती. व्हिब्रियो कॉलरी, म्हणजे पटकीचा जिवाणू, ज्याचा जीनोम २००० साली छापून आला. आणि व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस, ज्याचा २००३ साली. हा दुसरा पहिल्यांदा सापडला तो १९५० मध्ये ओसाकात. तिथे लहान माशांच्या खाण्यातून २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले.

दोघांनाही दोन-दोन क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचे दोन-दोन लांब धागे. मोठा क्रोमोसोम कॉलरीचा साधारण २९.६ लाख बेसजोड्यांचा (डीएनएची अक्षरंच म्हणा), पॅराहिमोलिटिकसचा ३२.९ लाखांचा. फार फरक नाही. धाकटा बघा: एकाचा १०.७ लाख, दुसऱ्याचा १८.८ लाख! मला आमच्या गल्लीतली घरं आठवली. खालची खोली सगळ्यांची सारखीच, चूल, मोरी, देव्हारा. पोटमाळ्यावर मात्र ज्याचं त्याचं सामान.

पहिल्या खेपेला मी पॅराहिमोलिटिकसची मोठ्या क्रोमोसोमचीच फाइल घेतली आणि टीडीएच या विषाचं जनुक सापडेना म्हणून दोन दिवस घालवले. ते होतं धाकट्यावर. पेशीत प्रथिनं टोचणारी त्याची एक यंत्रणाही तिथेच बसते, दुसरी मोठ्यावर. कॉलरीच्या या जीनोममध्ये या दोन्ही यंत्रणा नाहीत.

पण पोटमाळ्याची उपमा इथे तुटते, आणि ते मला मनापासून आवडतं. पटकीचं विष ज्या जनुकांतून येतं ती कॉलरीच्या मोठ्या क्रोमोसोमवर आहेत, आणि तीही त्याची स्वतःची नाहीत. एका विषाणूने ती आणून घुसवली, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे खालच्या खोलीतसुद्धा पाहुणा कायमचा राहून गेलाय.

प्रथिनांच्या पातळीवर दोघांचा डॉट प्लॉट काढला, म्हणजे एकाचा जीनोम आडवा, दुसऱ्याचा उभा, आणि जुळेल तिथे ठिपका. सरळ तिरकी रेघ मिळेल असं वाटत होतं. आल्या तुटक रेघा, काही उलट्या, काही या क्रोमोसोमवरून त्या क्रोमोसोमवर गेलेल्या. नातं खरंच, पण घर कितीदा तरी आवरलेलं, हलवलेलं.

आईने विचारलं, "काय गो, एवढं टक लावून काय बघतेस?"

मी परातीकडे बोट दाखवलं. कॉलरी कायटिनवर वाढू लागला की आसपासचा डीएनए आत ओढून घेण्याची ताकद त्याच्यात जागी होते, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे नव्या जनुकांची देवघेव अशा एखाद्या सालीवरच होत असेल. आईने हातातली साल उजेडात धरून नीट पाहिली. पातळ, ओली, कडेला गुलाबी.

आता व्हिब्रियो अल्जिनोलिटिकसची फाइल उतरवतेय. तो पॅराहिमोलिटिकसच्या इतका जवळचा की जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या १६एस जनुकावरून दोघं वेगळे ओळखणं फार अवघड. व्हिब्रियो वाढवायच्या टीसीबीएस अगारवर मात्र अल्जिनोलिटिकसच्या वसाहती पिवळ्या, पॅराहिमोलिटिकसच्या हिरव्या, कारण पहिला साखर आंबवतो, दुसरा नाही. ती साखरेची जनुकं कुठे बसली आहेत ते आधी शोधणार.